आडवे ढग, उभे ढग

आमच्या मंडळाच्या छायाचित्र प्रदर्शनात यंदा एक आख्खी भिंत कृष्णधवल निसर्गचित्रांची होती. रॉकी पर्वत, युटाचे लाल सुळके, कुणाच्या तरी सुट्टीतला हरिश्चंद्रगड. खाली जमीन निरनिराळी, वर आभाळ मात्र एकच: डांबरासारखं काळं आणि त्यात पिंजलेल्या कापसासारखे ढग. परीक्षकांनी तिन्ही बक्षिसं याच भिंतीला दिली. कारण काय, तर ‘ड्रामा’. हा ड्रामा आता पुरे झाला, असं माझं म्हणणं आहे. (त्या भिंतीवर एक चित्र माझंही होतं. बक्षीस हुकलं म्हणून चिडलोय, असं खुशाल समजा.)

मी इथं कोलोरॅडोत ढगांवरच पोस्टडॉक करतोय, तेव्हा थोडं भौतिकशास्त्र सोसा. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. ढगातले थेंब त्यांच्या मानानं अवाढव्य. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून आकाश निळं आणि ढग पांढरा. भिंगावर लाल फिल्टर चढवला की निळा अडतो, आकाश काळवंडतं, ढग तसाच राहतो. म्हणजे आकाश जितकं स्वच्छ, तितकं चित्रात काळं. तो भयाण अंधार मुळात लख्ख ऊन असतं! उलट आषाढात खरोखर भरून आलेल्या आभाळात निळं काही उरलेलंच नसतं, तिथं लाल फिल्टर हात टेकतो. मग आपण संगणकावर ‘क्लॅरिटी’ आणि ‘डीहेझ’ टोकापर्यंत ओढतो, आणि सह्याद्रीवरच्या त्या मऊ, ओल्या करड्या रंगाचं पत्र्याचं छप्पर करून टाकतो.

हे बोललं की समोरून अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं नाव येतंच. येऊ द्या. १९२७ साली हाफ डोमसमोर त्यानं आधी पिवळा फिल्टर लावून चित्र घेतलं, मनाजोगतं होणार नाही असं वाटलं, आणि उरलेल्या एकमेव काचेवर गडद लाल फिल्टर वापरला. त्या काळ्या आकाशामुळे कडा अंगावर येतो. आकाश कड्याच्या कामाला लावलंय. १९४१ च्या हर्नांडेझच्या चंद्रोदयात तर मूळ आकाशात ढगांचे फिकट पट्टे होते. पुढच्या वर्षांत प्रिंट काढताना तो ते आकाश गडद करत गेला, इतकं की पट्टे जवळपास दिसेनासे झाले. गुरूनं ढग पुसले, आणि चेले त्याच्या नावानं ढग फुगवतात. खोटेपणाचा आरोप मी करत नाही. गुस्ताव्ह ल ग्रे १८५० च्या दशकातच समुद्र एका निगेटिव्हचा आणि आकाश दुसरीचं, असं जोडत होता, कारण तेव्हाच्या काचांवर आकाश नुसतं पांढरं यायचं. त्याला अडचण होती. आपल्याला कसली आहे?

माझी गोष्ट सांगतो. गेल्या जुलैत इथल्या माळावर काढलेलं असंच एक काळं आभाळ मी वडिलांना पाठवलं. ते बीड जिल्ह्यात असतात. सोयाबीन पेरून झालं होतं आणि तीन आठवडे थेंब नव्हता. लगेच फोन आला, “लईच भरून आलंय की तुझ्याकडं. गाडी जपून चालव.” आवाजात कौतुक होतं, आणि थोडा हेवाही. मला कसंतरीच झालं. मी मूळ रंगीत फोटो पाठवला. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “ह्ये तर उघडिपीचे ढग. आडवे पसरल्यात, उभे चढल्यात कुठं? असलेच हायेत हितं रोज.”

आमच्या शास्त्रातही हेच आहे: उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेला क्यूम्युलस म्हणजे कोरड्या दिवसाचा ढग. मला ते शिकायला पीएचडी लागली, आणि शिकूनही चित्र करताना मी ते विसरलो. त्यांचं पीक करपवणारं आभाळच मी वादळ म्हणून सजवून त्यांना दाखवलं होतं. आपल्या भाषेत ‘आभाळ आलं’ म्हटलं की त्यात पावसाची वाट पाहणं आपोआप येतं. ते शब्द घेऊन आपण परदेशात आलो, आणि ढगाकडे बघताना मात्र तो पडणार की नाही, एवढंच विचारायचं सोडलं.

त्यांनी दुबार पेरणी केली. आणि प्रदर्शनाच्या भिंतीवर मी दिलेलं चित्र तेच होतं, काळं केलेलं.

पुढच्या वर्षी परीक्षकांनी प्रत्येक चित्राखाली कॅमेरा, भिंग, फिल्टर वगैरे लिहिण्याऐवजी एकच ओळ लिहायला लावावी: त्या दिवशी पाऊस पडला का?