रपट्यावर पाणी आलं की सायकल थांबलीच पाहिजे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, भंडारा

महोदय,

कारधा इथे वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे, हे भंडाऱ्यात पोरासोरांनाही पाठ आहे. नदी चढली की लहान पुलावर बॅरिकेड लागतात आणि वाहतूक मोठ्या पुलावरून वळते. माझी विनंती आहे ती जिथे असा आकडा नाही अशा वाटांसाठी: गावाबाहेरच्या नाल्यांवरचे रपटे आणि नहराच्या पाळीवरचे रस्ते.

मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या मुली याच वाटांनी शाळेत जातात. रोवणीला निघालेल्या बायाही इथूनच जातात. रपटा बंद करायचा का, हे गावात बहुतेकदा ट्रॅक्टर निघतो की नाही यावरून ठरतं. सायकलवाल्यासाठी तोवर फार उशीर झालेला असतो. जोरात वाहणारं वीतभर पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलतं. सायकलला तर रेटा आडवा बसतो आणि गढूळ पाण्याखाली रपट्याची कड दिसत नाही. म्हणून नियम सोपा असावा: पाणी रपट्यावरून वाहू लागलं की सायकल आणि पायी जाणं बंद. किती पाणी आहे, याची काठावर उभं राहून चर्चा नको.

पण खरा निर्णय त्याच्याही आधी व्हायला हवा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला पूर मुख्यतः मध्य प्रदेशातल्या पावसाचा आणि तिथल्या संजय सरोवर धरणाच्या विसर्गाचा होता. वैनगंगा फुगली की नाल्यांचं पाणी नदीत उतरत नाही, ते मागे दाटतं. गावात ऊन असतानाही रपटा बुडू शकतो, आणि पोर आभाळाकडे बघून घरून निघते. विसर्गाची सूचना आपल्या कार्यालयात येते. तीच रात्री पोलीस पाटील आणि मुख्याध्यापकांपर्यंत गेली, तर सकाळी कोणाला परत फिरावं लागणार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ ने वाहतूक रोखण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिला आहे. तो वापरून पोलीस पाटलांना रपटा जागेवरच बंद करता येईल, असा कायम आदेश पावसाळ्यापूर्वी काढावा. त्या दिवशी न आलेल्या मुलीची गैरहजेरी लागू नये, हेही त्यातच लिहावं. नाहीतर ती पाण्यातून जाईलच.

पाणी ओसरलं तरी लगेच रस्ता सुरू करू नये. गाळाखाली भगदाड असतं, कडेची माती वाहून गेलेली असते. दिवसाउजेडी कोणीतरी चालत जाऊन पाहावं, मगच रस्ता अडवायला बांधलेला दोर काढावा.

आपला नम्र,
मोहाडी तालुक्यातील एक पालक