बँकेचे शेअर आणि ‘जर-तर’चे गणित

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णीसारख्या गावात, शाळेच्या शिक्षक-खोलीत किंवा कचेरीच्या मधल्या सुट्टीत, अलीकडे एक हिशेब वारंवार ऐकू येतो. ‘१९९५ साली एचडीएफसी बँकेचे हजार रुपयांचे शेअर घेऊन ठेवले असते, तर आज त्यांचे किती झाले असते?’ उत्तर ऐकून ऐकणारा हळहळतो. आणि ती हळहळ ओसरण्याच्या आतच कोणीतरी त्याच्या कानात पुढच्या ‘तशाच’ बँकेचे नाव सांगतो. हिशेब खरा आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र खरा नाही.

प्रथम हिशेबच पाहावा. १९९५ च्या मार्चमध्ये या बँकेने आपला १० रुपयांचा शेअर दर्शनी किमतीलाच विक्रीस काढला. हजार रुपयांत १०० शेअर मिळाले असते. २०११ मध्ये एका शेअरचे पाच झाले, म्हणजे ५०० शेअर. २०१९ मध्ये एकाचे दोन झाले, म्हणजे १०००. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बोनस शेअर मिळाल्याने २०००. शेअरचा भाव ९०० रुपये धरला, तर हजाराचे १८ लाख झाले. लाभांश त्याहून वेगळा. ही वाढ तीस वर्षे दरसाल सुमारे २८ टक्के चक्रवाढीची होय. हेच हजार रुपये १० टक्के चक्रवाढीच्या ठेवीत तीस वर्षे अखंड राहिले असे मानले, तरी त्यांचे साडेसतरा हजारांच्या आतबाहेर होतात. अठरा लाख कोठे आणि साडेसतरा हजार कोठे!

परंतु गणितात जे सोपे, ते संसारात सोपे नसते. त्या विक्रीस पन्नास पटींहून अधिक मागणी आली होती; तेव्हा अर्ज करणाऱ्या प्रत्येकास शेअर मिळालेच असते असे नाही. १९९२ च्या शेअर घोटाळ्याची धग अजून निवली नव्हती, आणि १९९५ चे हजार रुपये ही नोकरदाराच्या घरात किरकोळ रक्कम नव्हती. पुढे २००८-०९ च्या मंदीत हा शेअर निम्म्याहून खाली आला. २०२० च्या मार्चमध्येही त्याची किंमत पूर्वीच्या उच्चांकावरून चाळीस टक्क्यांच्या आसपास घसरली. मुलीचे लग्न, घराचा पाया, आईचे आजारपण या सर्वांतून ते शेअर एकदाही न विकता तीस वर्षे पेटीत ठेवणारा माणूस मनात कल्पिता येतो. गावात शोधू गेल्यास तो क्वचितच भेटेल.

त्याहून मोठा दोष निवडीचा आहे. १९९० नंतरच्या सुधारणांत परवाने मिळालेल्या नव्या खासगी बँका दहा होत्या. त्यांतील ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या शेअरलाही १९९४ मध्ये लोकांच्या उड्या पडल्या होत्या. २००४ मध्ये ती ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली. ठेवीदार वाचले, भागधारकांच्या हाती काही लागले नाही. टाइम्स बँक, सेंच्युरियन बँक, बँक ऑफ पंजाब ही नावे तर आज विस्मरणात गेली आहेत. ‘तेव्हा घेतले असते तर’ हा प्रश्न या बँकांच्या बाबतीत कोणी विचारीत नाही. शर्यत संपल्यावर पहिल्या आलेल्या घोड्याकडे बोट दाखविणे म्हणजे घोड्याची पारख नव्हे.

साताऱ्याची आणि सांगलीची बँक

दूर जाण्याचेही कारण नाही. दक्षिण महाराष्ट्रातील दोन जुन्या बँकांची कथा पुरेशी बोलकी आहे. सांगली बँक १९१६ ची, तर साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. दोन्ही स्थानिक व्यापारी, शेतकरी आणि पगारदारांच्या विश्वासावर वाढल्या आणि दोन्हींचे स्वतंत्र अस्तित्व अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने संपले. युनायटेड वेस्टर्नवर सप्टेंबर २००६ मध्ये व्यवहारबंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना प्रत्येक शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. तेथे रोख रक्कम नव्हे, तर ९२५ शेअरमागे नव्या बँकेचे १०० शेअर मिळाले.

आता केवळ तुलनेसाठी दोन भागधारक कल्पावेत. दोघांजवळ ९२५ शेअर. साताऱ्याच्या भागधारकास २५,९०० रुपये मिळाले. ते त्याने ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले असते, तर १९ वर्षांत त्यांचे सुमारे ९४ हजार झाले असते. सांगलीच्या भागधारकाचे १०० शेअर २०१४ च्या विभाजनाने ५०० आणि २०१७ च्या बोनसने ५५० झाले. १३०० रुपये भावाने त्यांची किंमत सव्वासात लाखांच्या जवळपास जाते. या दोघांतील फरक अभ्यासाचा होता काय? धीराचा होता काय? एकास रोख मिळाली आणि दुसऱ्यास शेअर, हा निर्णय त्यांपैकी कोणीही घेतलेला नव्हता. सांगलीकराचे शेअरही २००८-०९ मध्ये पाचव्या हिश्शापर्यंत घसरले होते; त्या वेळी ज्याने विकले, त्याच्यासाठी वरचे गणित लिहिलेलेच नाही.

मालकाचा क्रम शेवटचा

बँकेचा शेअर इतका वर आणि इतका खाली का जातो, हे समजून घ्यावयास हवे. बँक मुख्यतः दुसऱ्यांच्या पैशावर चालते. स्वतःचे भांडवल १० रुपये आणि कर्जवाटप १०० रुपये असेल, तर दहा रुपयांची कर्जे बुडताच मालकाचे भांडवल शून्य होते. नफ्यात असताना हीच रचना लाभ अनेक पटींनी वाढविते. ठेवीदारास २०२० पासून प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. भागधारकास कसलेही नाही. देणी भागविताना त्याचा क्रम शेवटचा.

पगारदारांना परिचित असलेला पतसंस्थेचा भाग हा निराळा प्रकार आहे. तो दर्शनी किमतीलाच परत मिळतो, आणि महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानुसार त्याचा लाभांशही १५ टक्क्यांहून अधिक असत नाही. त्या भागावरून बाजारातील शेअरची कल्पना करणे ही फसगतीची पहिली पायरी होय.

मग शेअर बाजाराकडे पाठच फिरवावी काय? तसे म्हणणे आता शक्य नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना न मिळता अंशदायी योजना मिळाली. म्हणजे पगारदाराच्या म्हातारपणाचा काही भाग बाजाराशी जोडला गेला तो त्याला न विचारताच. त्यामुळे अज्ञान परवडणारे नाही. परंतु जुन्या यशाच्या कथेवर भाळून भविष्यनिर्वाह निधी मोडणे किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून एकाच बँकेचे शेअर घेणे त्याहूनही परवडणारे नाही. दहा वर्षे लागणार नाही एवढीच रक्कम, दरमहा थोडी थोडी आणि एका नावावर नव्हे तर अनेक कंपन्यांत विभागून, म्हणजे निर्देशांकावर आधारित निधीसारख्या मार्गाने गुंतवावी. यात हजाराचे अठरा लाख होणार नाहीत. पण हजाराचे शून्य होण्याची भीतीही फारशी उरणार नाही.

टेंभुर्णीच्या परिसरातील शेतकरी उजनी काठोकाठ भरलेल्या वर्षाचाच हिशेब धरून सगळ्या रानात ऊस लावीत नाही. धरण मृतसाठ्यात गेलेली वर्षेही त्याच्या लक्षात असतात, म्हणून तो थोडी ज्वारी पेरतो. जे शहाणपण भीमेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, ते पगाराच्या पैशाला लावण्यास कोणत्याही सल्लागाराची गरज नाही.