एक ॲड्रेस, दोन मालक

१९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. दोन जिल्हे, दोन नावं. पत्र चुकायचा प्रश्नच नाही!

आपल्या हॉस्टेलच्या लॅनवर मात्र दोन मशिन्स एकच आयपी ॲड्रेस लावून बसतात. मग 'हा ॲड्रेस कोणाचा?' या एआरपीच्या प्रश्नाला दोघंही 'माझा' म्हणतात आणि डेटा कधी इकडे, कधी तिकडे जातो. आपण उगाच केबलला शिव्या घालतो. बहुतेक वेळा कुणीतरी ॲड्रेस हाताने टाकलेला असतो.

उपाय सोपा आहे. सेटिंग 'ऑटोमॅटिक' ठेवा, आयपी रिलीज करून रिन्यू करा. डीएचसीपी सर्व्हर प्रत्येकाला वेगळा ॲड्रेस ठरावीक मुदतीसाठी देतो. प्रिंटरला फिक्स ॲड्रेस द्यायचाच, तर तो या वाटपाच्या रेंजबाहेरचा हवा.

माझं स्पष्ट मत आहे, दुसऱ्याचा ॲड्रेस टाकणं ही हुशारी नव्हे. सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूमचं नेट त्यानेच बंद पडतं. स्टाफने फिक्स ॲड्रेसची यादी नोटीस बोर्डवर लावावी, आणि आपण ती पाळावी. तुम्हाला काय वाटतं?