जियारत झाली, जंगल राहिलं

प्रतापगडला कोण गेलेलं नाही? निदान गोंदिया-भंडाऱ्याकडच्या आपल्या घरांत तरी असं घर सापडणं कठीण. कुणी नवस फेडायला जातं, कुणी नवी सून आली म्हणून, कुणी मुलाला दुकान लावून दिलं म्हणून. पहाटे निघायचं. गाडीत देगची, तांदूळ, सतरंज्या आणि मागच्या सीटवर मुलं एकमेकांच्या मांडीवर. टेकडी चढून ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यावर चादर चढवायची, फातिहा द्यायची, खाली उतरून झाडाखाली जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं. महादेवाचं ठाणंही इथेच आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत बेलाची पानं आणि फुलांची चादर एकाच वाटेने वर जाताना दिसतात, आणि त्याचं इथे कुणालाच नवल वाटत नाही. जवळच गोठणगावला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटर विकायला येतात, त्यांच्यातले कितीतरी इथलेच.

तीसेक वर्षं मी या रस्त्याने जाते आहे. आधी अब्बांबरोबर, मग सासरच्या माणसांबरोबर, आता स्वतःच्या मुलांना घेऊन. दर वेळी मुर्दोलीचं जंगल लागतं, कोहमारा मागे पडतं, नवेगावबांध येतं, वाघाचं चित्र काढलेली पाटी खिडकीतून सरकते आणि गाडी पुढे जाते. त्या पाटीच्या आत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही याची लाजही वाटत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती वाटली. शाळेच्या सुट्टीत मोहल्ल्यातली अकरा मुलं घेऊन आम्ही प्रतापगडला गेलो होतो. गॅरेजवाल्याची दोन, शिंप्याची तीन, बाकीची अशीच. बहुतेकांनी गोंदियाबाहेर पाहिलेलं एकच ठिकाण म्हणजे आजोळ. परतताना त्या पाटीपाशी एका मुलाने विचारलं, "इथे वाघ दाखवतात का?" आमचा ड्रायव्हर चांगला माणूस आहे, मुलांवर जीव टाकतो. तो सहज म्हणाला, "वो बड़े लोगों का है, बेटा." मुलाने मान हलवली. त्याला ते लगेच पटलं, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

मी गाडी वळवायला लावली. चूक माझीच होती. भर दुपार, आधी नोंदणी नाही, अकरा मुलं, दोन म्हाताऱ्या आणि टपावर देगची. आत सकाळी किंवा दुपारनंतर ठरलेल्या वेळीच सोडतात, बरोबर गाइड घ्यावा लागतो, पैसे भरावे लागतात. माझ्याकडे होते ते डिझेलचे पैसे. तेव्हा सगळ्यांना घेऊन तलावावर गेले.

तो तलाव म्हणजे नवेगावचा बांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. भंडारा-गोंदियाचे कोहळी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारे लोक. भोवतालच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. थंडीत इथे लांबून आलेले पक्षी उतरतात. मुलं काठावर बसली आणि अर्धा तास चक्क गप्प होती. गॅरेजवाल्याच्या धाकट्याने बदकं मोजायला घेतली. ती उडाली की तो पुन्हा एकपासून सुरू करायचा.

माझ्या सासूबाई मात्र पाण्याकडे पाठ करून एका झाडाकडे बघत होत्या. त्यांनी पान तोडलं, बोटांत फिरवलं, उलटं करून शिरेवरून अंगठा ओढला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर पत्ता!" चाळीस वर्षं त्यांनी बिड्या वळल्या. सत्तर पानांचा पुडा सोडायचा, पानं भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून दोरा गुंडाळायचा. हातांना ते पान आपल्या नावासारखं पाठ. पण तेंदूचं झाड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. याच भागातली गोंड माणसं एप्रिल-मेच्या उन्हात पानं तोडतात आणि ती पानं आपल्या ओसरीवर येऊन पडतात. किती घरांतल्या पोरींच्या शाळेची फी या पानांनी भरली! जंगल आपलं कुणी लागत नाही असं आपण समजतो. इतकी वर्षं ते आपल्या घरात रोज येऊन बसत होतं.

घरी आल्यावर मी माहिती काढली. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झालं, सुमारे १३४ चौरस किलोमीटरचं. नागझिरा अभयारण्य त्याआधी, १९७० चं. २०१३ च्या डिसेंबरात ही जंगलं आणि आसपासची अभयारण्यं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, राज्यातला पाचवा. वाघ कमी होते, म्हणून २०२३ च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुर्दोलीच्या रस्त्यावर गाडीच्या धडकेने एक वाघ मेला. आपण पहाटे घाईत जातो तोच हा रस्ता. उर्सला निघालेल्या भावांनो, तिथे तरी पाय जरा ब्रेकवर असू द्या.

सारस पक्ष्याचंही तसंच. माणसाच्या उंचीचा, लाल मानेचा हा पक्षी महाराष्ट्रात उरला आहे तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात. धानाच्या बांधीत घरटं करतो. मी वर्गात विचारलं, किती जणांनी पाहिला? खेड्यातून येणाऱ्या दोघींनी हात वर केले. शहरातल्या एकानेही नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या माणसांना रोजगाराची पडली आहे, शिक्षणाची पडली आहे, यात पक्षी कुठून आले? मला सलीम अली आठवतात. १८९६ साली मुंबईत जन्म, वडील वर्षभरात गेले, आई तिसऱ्या वर्षी. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीच्या घरात वाढवलं. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारण्याचा नाद होता. एकदा हाती आलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाण्याजोगी आहे का, हे विचारायला पोर मामाकडे गेलं. मामाने त्याला उडवून लावलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी कपाटाचे खण उघडून भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. पुढे विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस भारतातल्या पक्ष्यांचा सगळ्यात मोठा जाणकार झाला. १९३० मध्ये नोकरी नव्हती, तेव्हा अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. कोकणातल्या वाचकांना किहीम सांगायला नको. नवेगावच्या पक्षी अभयारण्याला त्यांचंच नाव दिलेलं आहे. पण तय्यबजींचं घर खानदानी होतं, ओळखी होत्या. आमच्या गॅरेजवाल्याच्या मुलाला मिलार्डकडे कोण पाठवणार? मामाची जागा आपल्यालाच घ्यावी लागेल.

हे काही आपल्यापुरतं नाही. अमेरिकेतही राष्ट्रीय उद्यानांत ठरावीक घरांतलीच माणसं दिसतात अशी तक्रार होती. २०१५ मध्ये तिथल्या सरकारने चौथीच्या प्रत्येक मुलाला घरच्यांसकट वर्षभर मोफत प्रवेशाचा पास दिला. आपल्याकडे ताडोब्याने 'चला माझ्या ताडोबाला' म्हणून आसपासच्या गावांतल्या शाळकरी मुलांना जंगल दाखवायला सुरुवात केली. वाघामुळे ज्यांची गुरं जातात, शेतं रात्री राखावी लागतात, त्यांच्याच मुलांनी वाघाचं घर पाहिलेलं नसतं, हे तिथल्या कुणाच्या तरी ध्यानात आलं. गावातल्या मुलांची सोय अशी थोडीफार होते आहे. शहरातल्या मोहल्ल्यांची कुणी करत नाही. आपण मागितलीही नाही.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आधी नोंदणी केली, ओळखपत्रं बरोबर घेतली. एका जिप्सीत सहा, अशा दोन. अकरा मुलं आणि बारावी मी. पैशांचं कसं केलं, हे सांगते कारण तुम्ही तेच विचाराल. चार घरांनी वर्गणी दिली, देग रद्द केली, चपाती आणि सुकी भाजी नेली. आमच्याकडे वरातीला एका रात्रीची बग्गी आणि बँड ठरवतात. त्या पैशांत अशा किती जिप्सी होतील याचा हिशेब मी केला, पण तो इथे छापत नाही, पुढच्या महिन्यात दोन लग्नं आहेत.

वाघ दिसला नाही. हे आधीच मुलांना सांगून ठेवा, नाहीतर हिरमुसतात. गवे दिसले, रस्ता अडवून उभे. चितळं दिसली. मोहाच्या खोडावर अस्वलाने चढताना ओढलेले नखांचे ओरखडे दिसले आणि ते वाघापेक्षा जास्त लक्षात राहिले. आमचा गाइड जवळच्याच गावचा, पंचविशीतला गोंड मुलगा. ऐन, धावडा, बीजा, चारोळी, झाडं नावानिशी सांगत होता. मी विचारलं, लहानपणी खूप फिरला असशील? तो हसला. "ताई, आजोबा फिरायचे. आम्ही शाळेत असताना गेटच्या आत आलो नाही. काम लागलं तेव्हा पहिल्यांदा गाडीत बसलो." नंतर पुनर्वसनाचा विषय निघाला. कवलेवाडा, काळीमाती, झंकारगोंदी ही गावं उद्यानातून उठवून श्रीरामपूरला वसवली आहेत. तो यावर फार बोलला नाही. वाघाला जागा हवी हे खरं, पण ती कुणाच्या अंगणातून निघाली, हेही मुलांनी ऐकलं पाहिजे, म्हणून मी मुलांना गप्प केलं नाही. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. काहींची उत्तरं त्याच्याकडे होती, माझ्याकडे एकाचंही नव्हतं.

मारुती चितमपल्ली वन अधिकारी म्हणून नवेगावला होते, तेव्हा गावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्याबरोबर हे जंगल हिंडले. शिकलेला अधिकारी आणि जाणता गावकरी. परवा त्या जिप्सीत आमच्या मुलांना त्या मुलाकडून मिळालं ते काहीसं तसंच होतं.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. पावसाळ्यात जंगल बंद असतं, ऑक्टोबरपासून उघडतं. १ ते ७ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह असतो, त्या वेळी शाळेच्या लेटरहेडवर वन विभागाला पत्र देऊन बघा. मुलांना भडक रंग आणि अत्तर नको. स्पीकर घरी ठेवा. थर्माकोलच्या पत्रावळी टेकडीखाली टाकून यायची आपली सवय तर दर्ग्यावरही सोडली पाहिजे, पण तो वेगळा लेख आहे.

या सहलीचं एक लफडं माझ्या घरात होऊन बसलं आहे. माझी पुतणी मोठी म्हणून मुलांवर लक्ष ठेवायला आली होती. गेटवर खाकी कपड्यातली एक वनरक्षक मुलगी तिच्याशी दहा मिनिटं बोलली. तेव्हापासून हिला वनरक्षक व्हायचं आहे. बारावी झाली आहे, भूगोल होता, म्हणजे अर्ज भरता येतो. विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय चालतो. मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं आणि वेळेवर गुण ठरतात. भाभी ऐकून घेत नाहीत. "जंगलात एकटी पोरगी?" म्हणतात. त्यांचं म्हणणं पोकळ नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, ती बातमी त्यांनी मोबाइलमध्ये ठेवली आहे आणि मला दाखवली. मी गप्प बसले. बसने नागपूरला जाऊन नोकरी करणं सुरक्षित आहे, असं म्हणणार होते, पण वादासाठी वाद नको वाटला.

भाईजान दोघींच्या मध्ये काही बोलत नाहीत. फजरनंतर मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभे राहतात. तिला तीन किलोमीटरला अजून एकोणीस मिनिटं लागतात. महिन्यापूर्वी बावीस लागत होती.