बालेकिल्ला आणि बलागान

या आठवड्यात पुन्हा एका भाषाप्रेमी वक्त्याने हिब्रूचा दाखला दिला. मेलेली भाषा ज्यूंनी उठवून उभी केली आणि आपल्याला साधे फारसी शब्द हाकलता येत नाहीत, असा एकूण सूर. टाळ्या पडल्याच. तेव्हा आज त्या हिब्रूचीच झडती घेऊ.

इस्रायलमध्ये उठता-बसता कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘बलागान’. मुलांनी खोलीभर खेळणी पसरली, बलागान. रांग मोडून लोक खिडकीवर चढले, बलागान. सरकार पडायच्या बेतात आलं, तेही बलागानच. आपल्याकडे पसारा, गोंधळ, बजबजपुरी असा चढता क्रम आहे. त्यांचं एका शब्दात भागतं. बायबलात यासाठी चांगला भारदस्त ‘तोहू वावोहू’ आहे, तोही उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात. पण आई पोरावर खेकसते ती ‘एझे बलागान!’ म्हणूनच. हा शब्द त्यांच्याकडे आला रशियनमधून. तिकडे जत्रेतल्या खेळांच्या तात्पुरत्या मांडवाला बलागान म्हणत. आणि रशियनचं मूळ फारसी ‘बालाखाना’, म्हणजे माडीवरची खोली. यातला ‘बाला’ आपल्या बालेकिल्ल्यात बसलाय, ‘खाना’ दिवाणखान्यात. ज्यांना हाकलण्यासाठी हिब्रूची साक्ष काढली, तेच तिच्या घरात पाय पसरून बसलेत!

खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. हिब्रूने या शब्दाची व्यंजनं सुटी केली आणि आपल्या क्रियापदाच्या साच्यात ओतली. ‘लेवलगेन’ म्हणजे पसारा घालणं, ‘मेवुलगान’ म्हणजे अस्ताव्यस्त. टेलिफोनचंही तसंच, ‘लेतलपेन’ म्हणजे फोन करणं. मराठीला ही विद्या येत होती. बदलपासून बदलणे, खर्चपासून खर्चणे आपण केलं, फर्मावणेही केलं. आता मात्र सेव्ह करणे, डिलीट करणे, मॅनेज करणे. सगळ्यांना ‘करणे’चं एकच ठिगळ. कुणी धीर करून ‘गुगलणे’ म्हणालाच, तर आपण फिदीफिदी हसतो. पुरावा मागू नका, पण माझा संशय भाषाशुद्धीवाल्यांवर आहे. परका शब्द आज ना उद्या हाकलायचाच असं ठरल्यावर त्याचं क्रियापद करायला कोण धजावणार?

राहिले हिब्रूला पुन्हा बोलती करण्यासाठी झटलेले एलिएझर बेन-येहुदा (१८५८–१९२२), ज्यांच्या नावाने ही भाषणं होतात. त्यांनी जॅमसाठी ‘रिबा’ हा शब्द घडवला तो अरबी ‘मुरब्बा’वरून. त्याच मुरब्ब्याचा आपण मोरांबा केला. वक्त्यांनी हिब्रूचा दाखला पुढेही जरूर द्यावा. फक्त व्यासपीठावर चढण्याआधी घरच्या बरणीतल्या त्या पदार्थाला एखादं शुद्ध नाव शोधून यावं. आणि मग तेच नाव घेऊन सासूबाईंकडे दुसऱ्यांदा मागून दाखवावं.