कोरड्यास काय?

‘हे साहित्य मंडळ आहे की खानावळ?’ असा प्रश्न मंडळाच्या एका बैठकीत आम्हांस विचारण्यात आला. निमित्त साधे होते. आमच्या भागातील रोजच्या जेवणातल्या भाज्या, कोशिंबिरी, चटण्या यांविषयी या पत्रिकेत लेखन यावे, एवढेच आम्ही सुचविले होते. प्रश्नकर्ते सन्मान्य आहेत, सीमालढ्यात त्यांच्या घराण्याने सोसलेलेही आहे. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला सभागृहात झालेल्या हशाने उत्तर मिळाले असे मानून गप्प बसणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्या हशाचे खंडन करण्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम शब्दाविषयी. निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या कोणत्याही जुन्या मराठी घरात संध्याकाळी चूल पेटली की एक प्रश्न विचारला जाई : ‘कोरड्यास काय केलंय?’ भाकरी ही ठरलेलीच, तिच्याविषयी विचारण्यासारखे काही नसे. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी म्हणून तिच्यासोबत जे काही असेल, मग ती पालेभाजी असो, झुणका असो की उसळ, ते कोरड्यास. पुण्याकडे याला ‘तोंडी लावणे’ म्हणतात, अन्यत्र ‘कालवण’ म्हणतात. ‘कोरड्यास’ हा आपल्या व कोल्हापूरकडच्या मातीतला शब्द. आज आपल्या नातवंडांना तो विचारून पाहावा. दहांतील नऊ मुले आपल्या तोंडाकडे पाहत राहतील, अशी आमची भीती आहे. पाट्यांवरील मराठीसाठी रस्त्यावर उतरणारे आपण, स्वयंपाकघरातून एवढा अर्थपूर्ण शब्द निघून गेला तेव्हा कोठे होतो?

‘साहित्यात भाजीपाल्याचे काय काम?’ हा पहिला आक्षेप. आक्षेपकांना आम्ही एवढेच आठवण करून देतो की, मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचा आपण गौरव करतो त्या म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’ला श्रीचक्रधरांनी काय खाल्ले, कोणी काय वाढले, हे नोंदविण्याचा संकोच वाटला नाही. तेराव्या शतकातील माणूस काय जेवत होता हे आपल्याला कळते ते त्या निःसंकोच नोंदींमुळे. अरणच्या सावता माळ्यांना विठ्ठल भेटला तो भाजीच्या मळ्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’ लिहिले, १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि मराठी घरांतून ते धार्मिक पोथीइतक्याच निष्ठेने हाताळले गेले. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीने ‘खमंग’ लिहिले तेव्हा त्यांची विद्वत्ता उणावली, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग आमच्याच मंडळाची प्रतिष्ठा मेथीच्या जुडीने एवढी का डळमळावी?

खरे कारण निराळे आहे. सणाच्या पक्वान्नाचा आपल्याला अभिमान असतो. बेळगावच्या कुंद्याविषयी बोलताना आपली छाती फुगते. परंतु वर्षातील तीनशे दिवस ज्यावर हे घर उभे असते त्या रोजच्या भाजीविषयी आपल्याला काही म्हणजे काही वाटत नाही; कारण ती कोणी तरी मुकाट्याने करीत असते. १९४६ साली बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो ठराव आपल्याला तोंडपाठ आहे. त्या दिवसांत बाहेरगावचे पाहुणे ज्या घरांतून उतरले, तेथे त्यांच्या पानात काय वाढले गेले आणि ते कोणाच्या हातचे होते, याची नोंद करावी असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. त्यांच्या शिदोरीत पक्वान्न नव्हते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. तंबाखूच्या वखारीत दिवसभर धूळ खाणाऱ्या बायांच्या फडक्यात भाकरी आणि तीवर खरडा किंवा झुणका असे. या माणसांचा इतिहास लिहायचा आणि त्यांचे कोरड्यास गाळायचे, हे आम्हांस अर्धे लेखन वाटते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. ‘ही भाजी आपली की त्यांची?’ भरल्या वांग्याला शेजारची कानडी मावशी एण्णेगाई म्हणते, आंबाडीच्या भाजीला पुंडीपल्ले, कारळ्याच्या चटणीला गुरेळ्ळू चटणी. आपल्यातील काही शुद्धतावादी मंडळींना त्यामुळे ही तोंडी लावणी ‘बाटलेली’ वाटतात. खरा मराठी स्वयंपाक पुण्यात होतो, आपला तो मिसळीचा, असा न्यूनगंड त्यामागे आहे. या मंडळींना आम्ही विचारतो : आपली कोशिंबीर आणि कानडीतली कोसंबरी, आपले तूप आणि तिकडचे तुप्प, आपली विळी आणि तिकडची ईळिगे यांच्यामधून सीमारेषा कशी आखणार? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये वेगळी झाली. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला. यांतील एकाही तारखेला चुलीवरचे पातेले दोन भागांत विभागता आलेले नाही. आपल्या न्याय्य मागणीला या कबुलीने यत्किंचितही बाध येत नाही. शेजाऱ्याच्या चटणीची चव मान्य केल्याने कोणाचा हक्क बुडत नाही.

शुद्धतेचाच आग्रह धरायचा तर तो शेवटापर्यंत धरावा. आपल्या ताटातील मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, रताळे ही सारी अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली पाहुणी होत. बटाटा हे नावही आपण पोर्तुगिजांकडून घेतले. बेळगाव-चंदगडच्या तांबड्या मातीत रताळे असे रुजले की नवरात्राच्या उपासाला ते दूरदूरच्या बाजारांत जाते. कोल्हापूरकर ज्या कांदा-लसूण चटणीचा अभिमान बाळगतात तिच्यातील तिखटपणा हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरी मिरचीचा आणि रंग हावेरीकडच्या ब्याडगीचा असतो. ब्याडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले; कोल्हापुरी चटणीने त्याबद्दल निषेध नोंदविल्याचे ऐकिवात नाही. जी वस्तू आपल्या मातीत पिकते, आपल्या हातांनी निवडली जाते आणि आपल्या शब्दांत मागितली जाते ती आपली. याहून वेगळी कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप तरुण घरांतून येतो : ‘वेळ कोणाला आहे?’ हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. नोकरी करणारी सून सातला घरी परतते, तिला पुरणपोळीची महती सांगणे हा दुष्टपणा होईल. पण आम्ही पुरणपोळीची गोष्ट करीतच नाही. रोजचे कोरड्यास हे मुळात वेळ नसणाऱ्या बायांनीच घडविलेले आहे. शेतातून, वखारीतून, मागावरून उठून आलेल्या बाईला दोन तास कोठे होते?

झुणका घ्या. तीन-चार कांदे चिरून तेलाच्या फोडणीत मऊ करावेत, तिखट-मीठ घालून वाटीभर डाळीचे पीठ आणि अर्धी-पाऊण वाटी पाणी घालावे, ढवळून झाकण ठेवावे, दोन वाफा आणाव्यात. पंधरा मिनिटे. मेथी किंवा राजगिरा घ्या. भिजवलेली मूगडाळ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची यांवर चिरलेला पाला टाकावा आणि झाकण न ठेवता परतावा, म्हणजे रंग हिरवा राहतो. मीठ शेवटी घालावे, कारण पाला आळून मूठभर होतो आणि आधी घातलेले मीठ हमखास जास्त होते. आंबाडी आंबट असते. ती उकडून पिळून घ्यावी, शिजवलेल्या तूरडाळीत आणि तांदळाच्या कण्यांत घोटावी, वर लसणीची चरचरीत फोडणी ओतावी. मटकी सकाळी भिजत घालावी, रात्री फडक्यात बांधावी, दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतात. यात माणसाचा वेळ पाच मिनिटांचा, बाकीचे काम मटकीचे. कच्ची मेथी, कांदा, काकडी बारीक चिरून त्यात दाण्याचे कूट, मीठ आणि कच्च्या तेलाची धार घातली की पचडी तयार, विस्तवाचेही काम नाही. कारळे मंद आचेवर भाजून सुकी मिरची, लसूण, मीठ यांसह कुटून ठेवले की पंधरवडाभर पानाची डावी बाजू सांभाळली जाते. आणि काहीच नसेल तर तव्यावर हिरव्या मिरच्या व लसूण तेलात भाजून, मीठ टाकून तांब्याच्या बुडाने रगडावे. खरडा म्हणतात तो हाच.

बाहेरून जेवणाचा डबा मागविण्यास याहून अधिक वेळ लागतो. तेव्हा अडचण वेळेची नाही, निवडण्याची आहे. मेथी निवडायला एक माणूस आणि अर्धा तास लागतो हे खरे. परंतु तो माणूस बाईच असावा असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? दूरदर्शन संचासमोर वादविवाद ऐकत बसणाऱ्या आमच्यासारख्या पेन्शनरांचे हात त्या वेळी मोकळेच असतात. येथे आमचा आरोप इतरांवर नाही, स्वतःवर आहे. मराठीच्या अस्मितेवर आम्ही तासन्‌तास बोललो, आणि जिच्या हातांनी ती अस्मिता रोज पानात वाढली तिला जुडी निवडून देण्याइतके साहाय्य केले नाही. पुढच्या पिढीतील मुलींनी ते काम नाकारले तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही. काम वाटून घेतले असते तर चवही वाचली असती.

आता यात पणाला काय लागले आहे ते स्पष्टच सांगतो. कार्यालयातील मराठीचे काय व्हायचे ते न्यायालये आणि सरकारे ठरवतील. शाळांतील मराठीची पटसंख्या आपणच आपल्या हातांनी कमी करीत आहोत, कारण आपलीच मुले इंग्रजी माध्यमात आहेत. उरली ती घरातली मराठी. घरातली मराठी म्हणजे काय? खुडणे, निवडणे, चिरणे, सोलणे, परतणे, घोटणे, ठेचणे, रगडणे, आळणे, वाफ आणणे. मोकळी भाजी, पीठ पेरून केलेली भाजी, गरगट, रस्सा. चाकवत, चुका, पोकळा, तांदुळजा, घोळ, शेपू, करडई, पावसाळ्यातला टाकळा आणि कुर्डू. ही क्रियापदे आणि ही नामे शब्दकोशात जपून ठेवता येत नाहीत. ज्या घरात चाकवत शिजत नाही त्या घरात ‘चाकवत’ हा शब्द कोणासाठी उच्चारायचा? पदार्थ गेला की त्याचे नाव दोन पिढ्यांत जाते, आणि अशी शंभर नावे गेली की घरात बोलण्यासारखे मराठी फारसे शिल्लक राहत नाही.

आमच्या लग्नांतील पंगती पाहाव्यात. बेळगावचे असो वा निपाणीचे, कार्यालय कोणतेही असो, पानात पनीर ठरलेले. पनीराशी आमचे वैर नाही. पण ज्या भागातून रोज भाजीच्या गाड्या गोव्याकडे जातात, त्या भागातील मराठी लग्नात वांग्याची भाजी वाढायला यजमान लाजतो, ही गोष्ट आम्हांस अपमानास्पद वाटते. आपल्याला लाज वाटते त्याच ताटाचे कौतुक जग करू लागले आहे, हाही विनोदच. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. ज्वारीत जे कमी पडते ते डाळी-कडधान्यांनी भरून निघते, पालेभाजीतील लोह अंगी लागायला लिंबाची फोड मदत करते, हे आहारशास्त्र आज सांगते. शाळूची भाकरी, मटकीची उसळ, मेथी आणि पानाच्या कडेला लिंबू, हे ताट आमच्या आज्यांनी कोणतेही शास्त्र न वाचता मांडले होते.

म्हणून मंडळापुढे आमची मागणी अशी. या पत्रिकेची दोन पाने प्रत्येक अंकात रोजच्या कोरड्याससाठी राखून ठेवावीत. आपल्यापैकी कोणाचे पूर्वज पेशवाईत येथे आले, कोणाचे शहापुरास सांगली संस्थानच्या चाकरीत, कोणाचे तंबाखूच्या व्यापारामागे निपाणीस. प्रत्येक घराण्याने आपल्याकडची एक भाजी किंवा चटणी लिहून पाठवावी. पक्वान्न नको, सणाचे नको. मंगळवारी रात्री जे होते ते हवे. ते ज्या बाईच्या हातचे असेल तिच्याच तोंडच्या शब्दांत हवे. संपादकांनी त्या शब्दांना पुणेरी इस्त्री करू नये. पदार्थाचे कानडी नाव घरात चालत असेल तर तेही निःशंकपणे लिहावे. आणि लिहून घेण्याचे काम घरातील पुरुषाने करावे, म्हणजे निदान त्या अर्ध्या तासापुरते तरी त्याचे पाय स्वयंपाकघरात लागतील.

यावर कोणी पुन्हा ‘हे मंडळ आहे की खानावळ?’ असे विचारले, तर त्या सद्‌गृहस्थांनी प्रथम घरी जाऊन आज कोरड्यास काय आहे ते विचारावे, आणि त्यातील प्रत्येक जिन्नसाचे मराठी नाव आपल्या नातवाकडून वदवून घ्यावे. ते जमले तर आमची सूचना आम्ही मागे घेऊ.