रसायनशास्त्र : घ्यावे की सोडावे?

दहावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत अकरावीच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या मुलांकडून अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो : अभियांत्रिकीसाठी रसायनशास्त्राची सक्ती उरली नसेल, तर हा अवघड विषय घ्यावाच कशाला?

या प्रश्नाला आधार आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ च्या नियमावलीत अभियांत्रिकी पदवीच्या पात्रतेसाठी १४ विषयांची यादी दिली आणि त्यांपैकी कोणतेही ३ विषय पुरेसे मानले. या निर्णयावर बरीच टीका झाली. त्यानंतर २०२२ मध्ये संगणक, विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीसाठी रसायनशास्त्र अनिवार्य नसल्याचे परिषदेने जाहीर केले.

परंतु पात्रतेचा नियम आणि प्रवेशपरीक्षा या दोन भिन्न गोष्टी आहेत. नियम सैल झाला, परीक्षा मात्र सैल झाली नाही. २०२५ च्या जेईई मेन परीक्षेत बी.टेक.साठीच्या ३०० गुणांपैकी १०० गुण रसायनशास्त्राचे होते. आपल्या राज्याच्या सीईटीमध्ये अभियांत्रिकी गटाच्या २०० गुणांपैकी ५० गुण याच विषयाचे असतात. म्हणजे ज्याने अकरावीत हा विषय सोडला, त्याला तो प्रवेशपरीक्षेसाठी शिकवणीवर्गात शिकावा लागतो, नाही तर तेवढ्या गुणांवर पाणी सोडावे लागते.

शिवाय अभियांत्रिकी हाच एकमेव मार्ग नव्हे. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेत ७२० पैकी १८० गुण रसायनशास्त्राचे आहेत. बी.फार्म.लाही हा विषय लागतो. परिचारिकेच्या सेवेशी आपल्या समाजाचे जुने नाते आहे. त्या क्षेत्रातील बी.एस्सी. पदवीसाठीही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे तिन्ही विषय आवश्यक असतात. पंधरा-सोळाव्या वर्षी केलेली निवड अठराव्या वर्षी बदलावीशी वाटणे स्वाभाविक आहे. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून रसायनशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये पात्र ठरवले खरे. पण त्यासाठी वेळ आणि पैसा दोन्ही अधिक खर्च होतात.

याचा अर्थ प्रत्येकाने हा विषय घ्यावा, असे आम्ही म्हणत नाही. ज्याची ओढ भाषा, वाणिज्य वा ललितकला यांकडे आहे, त्याच्यावर तो लादणे अन्यायाचे ठरेल. आमची चिंता वेगळी आहे. पुष्कळ मुले आवड नाही म्हणून नव्हे, तर भीतीपोटी हा विषय टाळतात आणि ही भीती बहुधा घोकंपट्टीतून जन्मते. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७० गुण लेखी व ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. तरीही शिकवणीवर्गांच्या धावपळीत प्रयोगशाळेचे तास मागे पडतात. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने अनुमापन केले आहे, ब्युरेटमधून पडणाऱ्या एका थेंबाने द्रावणाचा रंग पालटताना पाहिला आहे, त्याला मोलची आकडेमोड तितकी परकी वाटत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी मुलाच्या मनातील दोन-तीन अभ्यासक्रमांच्या पात्रतेच्या अटी त्याच्यासोबत बसून वाचाव्यात. महाविद्यालय निवडताना मागील वर्षीच्या गुणांच्या टक्केवारीबरोबरच तेथे प्रात्यक्षिके नियमित होतात का, याचीही चौकशी करावी. मग विषय घेतला काय किंवा सोडला काय, तो निर्णय ऐकीव माहितीवर घेतलेला नसेल.